"सिममध्ये रडर लागतच नाही" हे साफ चुकीचं आहे

सध्या सिम उडवणाऱ्यांच्यात एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की घरच्या फ्लाईट सिममध्ये (कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात) रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या भागावरची, पायाच्या पेडलने हलणारी आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी, नुसता शोभेला असतो. वळायला एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान झुकवणाऱ्या फळ्या) पुरतात, एअरलाईनचे पायलट हवेत पेडलला पाय लावत नाहीत, ऑटो-रडर (सिमने रडर आपोआप द्यायची सेटिंग) सगळं करून देतं, खुर्चीत बसून विमान घसरतंय हे तसंही कळत नाही, चुकीचा रडर दिला तर स्पिन (विमान गोल गोल फिरत खाली पडणं) होतो, आणि पेडल्स महाग पडतात. नवीन मुलं हे वाचून रडरला एक बटणसुद्धा लावत नाहीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वळायला एलेरॉन पुरतात हे अर्धंच खरं आहे. उजवीकडे वळायला स्टिक उजवीकडे नेली की डाव्या पंखाचं एलेरॉन खाली जातं, त्या पंखाची लिफ्ट (वर उचलणारा जोर) वाढते आणि लिफ्टबरोबर ड्रॅगही (मागे ओढणारा जोर) वाढतो, मग तो ड्रॅग नाकाला डावीकडे ओढतो, म्हणजे विमान उजवीकडे झुकतंय आणि नाक उलट्या बाजूला चाललंय. नाक असं डावी-उजवीकडे फिरणं म्हणजे यॉ, आणि या उलट्या यॉला ॲडव्हर्स यॉ म्हणतात. सेसना १७२ या छोट्या विमानात एलेरॉनची रचनाच अशी आहे की हे कमी होतं, म्हणून फक्त १७२ उडवणाऱ्याला वाटतं की काही फरक पडत नाही. एकदा लांब पंखांचं ग्लायडर घेऊन बघा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये २०२२ च्या नोव्हेंबरपासून दोन ग्लायडर आहेत, त्यातलं कुठलंही घ्या, पाय न लावता पटकन एक वळण घ्या आणि कॅनोपीवरचा (कॉकपिटच्या काचेवरचा) धागा, जो विमान घसरतंय का ते दाखवतो, कुठे जातो ते बघा. आणि १७२ मध्येसुद्धा फुल पॉवर देऊन ७४ नॉट्सला चढताना बॉल (विमान घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) उजवीकडे जातोच, कारण प्रोपेलरचा टॉर्क, त्याचा गोल फिरत मागे जाणारा वारा आणि पी-फॅक्टर (नाक वर असताना प्रोपेलरच्या एका बाजूचा जोर जास्त पडणं) हे तिन्ही नाक डावीकडे ढकलतात. एलेरॉन कितीही हलवा, बॉल मध्ये आणायला उजवं पेडलच लागतं.

आता एअरलाईनचा मुद्दा, कारण हा सगळ्यात जास्त पटवून सांगितला जातो आणि यात खरा भागही आहे. मोठ्या जेटमध्ये यॉ डॅम्पर (नाकाचं डोलणं आपोआप थांबवणारी सिस्टीम) असतो, एअरबस ए३२० मध्ये वळण कोऑर्डिनेट करायचं काम कॉम्प्युटर करतो, क्रूझला पायलट पेडल दाबत बसत नाही, हे सगळं बरोबर. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाईन्सचं ५८७ नंबरचं ए३००-६०० टेकऑफनंतर पुढच्या विमानाच्या वेक टर्ब्युलन्समध्ये (त्याच्या मागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यांत) सापडलं, को-पायलटने रडर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असा पुन्हा पुन्हा दिला आणि मागचं उभं शेपूटच तुटून पडलं, जमिनीवरचे पाच धरून २६५ माणसं गेली. तपासात गरज नसताना दिलेले टोकाचे रडर इनपुट हेच मुख्य कारण निघालं. या अपघाताचा दाखला देऊन "बघा, रडरला हात लावू नका" असं सांगतात. मला यातून नेमकं उलटं दिसतं. ज्या कंट्रोलने शेपूट तुटू शकतं तो शोभेचा कसा असेल? तो कधी, किती आणि कसा द्यायचा हे शिकायला लागतं एवढाच त्याचा अर्थ.

आणि जेटमध्ये तो लागतो तेव्हा दुसरं काहीच चालत नाही. टेकऑफ रोलला वेग वाढला की विमान सरळ ठेवायचं काम पेडल्सचं, टिलरचं (पुढचं चाक हाताने वळवायच्या कंट्रोलचं) नाही. व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो) डावं इंजिन गेलं की नाक डावीकडे झपकन जातं आणि ते उजव्या पायानेच धरायचं असतं, जो पाय मोकळा पडला त्या बाजूचं इंजिन मेलं असं पायलट लोक ओळखतात. बोइंग ७७७ मध्ये यासाठी मदत करणारी सिस्टीम आहे, पण म्हणून त्यातले पेडल्स काढून टाकलेले नाहीत. सिममध्ये ७३७ उडवणारे हौसेने इंजिन फेल्युअर लावतात, मग विमान रनवे सोडून गवतात गेलं की ॲड-ऑनला (सिममध्ये वेगळ्या टाकलेल्या विमानाला) शिव्या घालतात. बिचाऱ्या ॲड-ऑनचा काय दोष, पाय कुठे होते तुमचे?

आता ऑटो-रडर. माझा खरा वाद इथेच आहे. एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिमच्या काळापासून ऑटो-रडर म्हणजे एलेरॉनला रडर बांधून देणं, स्टिक डावीकडे नेली की रडरही डावीकडे जाणार. साध्या वळणात हे चालून जातं. पण रडरची खरी गरज पडते ती हात एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो तेव्हा, आणि ते या बांधलेल्या जोडीला कधीच जमणार नाही.

मुंबईचाच रनवे २७ (म्हणजे साधारण २७० अंशांच्या दिशेचा) घ्या, पावसाळ्यात नैऋत्येचा वारा असतो. समजा सिममध्ये २४० अंशांवरून २० नॉट्स वारा लावलाय, म्हणजे डावीकडून साधारण १० नॉट्सचा क्रॉसविंड (आडवा वारा). १७२ चा डेमॉन्स्ट्रेटेड क्रॉसविंड (चाचणीत करून दाखवलेला आडवा वारा) १५ नॉट्स आहे तेव्हा हे काही अचाट नाही. फायनलला (रनवेच्या रेषेत उतरत येताना) नाक थोडं वाऱ्याकडे, डावीकडे ठेवून येणार. टेकायच्या आधी उजवं पेडल देऊन नाक सेंटरलाईनवर आणायचं आणि वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून एलेरॉन डावीकडे द्यायचं. हात डावीकडे, पाय उजवीकडे. ऑटो-रडर चालू असेल तर हात डावीकडे गेला की रडरही डावीकडेच जातो, नाक आणखी तिरकं होतं आणि चाकं तिरकीच टेकतात. टेकऑफला तर आणखी वाईट. डावा वारा असताना रोल सुरू करताना एलेरॉन पूर्ण डावीकडे ठेवायचं असतं, वारा शेपटीला ढकलून नाक डावीकडे वळवतोच, इंजिनही डावीकडेच ओढतं, आणि या सगळ्यावर ऑटो-रडर पुढचं चाकसुद्धा डावीकडे वळवतं. मग लोक म्हणतात सिममध्ये टेकऑफला विमान उगीच डावीकडे पळतं, बग आहे.

फॉरवर्ड स्लिपचंही (विमान तिरकं घसरवत उंची पटकन घालवायची युक्ती) तसंच, तोही हात-पाय उलटे नेल्याशिवाय होत नाही. आणि ही फक्त छोट्या विमानांची गोष्ट नाहीये. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ पौंड-किलोच्या घोळामुळे वाटेत इंधन संपून ग्लायडर झालं, कॅप्टन बॉब पीअरसनने ते गिमलीच्या जुन्या एअरबेसवर आणलं तेव्हा ते फार उंच होतं, आणि त्याने चक्क त्या ७६७ ला स्लिप करून उंची घालवली. आतले ६९ च्या ६९ वाचले. तो ग्लायडर उडवायचा म्हणून त्याला ते सुचलं आणि जमलं.

इथे कोणी अर्कूपचं नाव काढतं, की अमेरिकेत १९४० पासून बिनपेडलचं खरं विमान विकलं गेलं, त्यात रडर एलेरॉनलाच जोडलेला होता. बरोबर आहे. पण त्याचा डिझायनर फ्रेड वाईकने त्या विमानाची चाकं तिरकं टेकणं सहन करतील अशी बनवली, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) मुद्दाम कमी हलेल असा ठेवला, म्हणजे अख्खं विमानच त्या हिशोबाने घडवलं. तुमचं १७२ तसं नाहीये.

घरी शरीराला काही जाणवत नाही हा मुद्दा खरा आहे, पण त्यातून रडर निरुपयोगी ठरत नाही. बॉल स्क्रीनवर दिसतो की! बॉल ज्या बाजूला, त्या बाजूचं पेडल. उलट घरी शरीर खोटी साक्ष देत नाही त्यामुळे नजर बॉलवर आणि लांबच्या क्षितिजावर टिकवायची सवय चांगली लागते. एक सराव करा, लांब एखादा डोंगर पकडा, नाक त्याच्यावरून हलू न देता विमान डावी-उजवीकडे झुकवत राहा. दहा मिनिटं केलं की हात आणि पाय एकमेकांशी बोलायला लागतात.

स्पिनची भीती दाखवतात ती तर मला धोकादायक वाटते. स्पिन होतो तो स्टॉल (पंखांची लिफ्ट अचानक तुटणं) आणि यॉ एकत्र आल्यावर, रडर न दिल्यानेही यॉ राहतोच. आणि एकदा स्पिन लागला की बाहेर काढायला पॉवर बंद, एलेरॉन मध्ये, फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण आणि मग स्टिक पुढे. घाबरून एलेरॉनने सावरायला गेलात तर प्रकरण बहुधा आणखी चिघळतं.

राहिला पैशाचा मुद्दा. पेडल्स महाग आहेत हे मान्य, पण रडर म्हणजे पेडल्सच असं कोणी सांगितलं? लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टर टी-१६०००एम या जॉयस्टिक जागच्या जागी पिळल्या की रडर मिळतो, सुरुवातीला ते भरपूर आहे. स्टिक आडवी नेताना चुकून पिळली जाते, म्हणून त्या ॲक्सिसला छोटा डेड झोन (थोडं हललं तरी काही होणार नाही असा मधला भाग) ठेवा आणि मधली सेन्सिटिव्हिटी कमी करा. पेडल्सचा खरा फायदा दिसतो तो डीए-४० सारख्या विमानात, जे आपल्याकडच्या फ्लाईंग स्कूलमध्येही असतं. त्याचं पुढचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे टॅक्सी करताना वळायला एका बाजूचा ब्रेक वेगळा दाबावा लागतो, आणि ते टो-ब्रेकशिवाय (पेडलच्या वरच्या टोकाने दाबायच्या ब्रेकशिवाय) नीट होत नाही. घेतलेच पेडल्स तर खुर्चीची चाकं आधी अडवा, नाहीतर जोरात पाय दिला की खुर्चीच मागे जाते. आणि ब्रेकचे दोन्ही ॲक्सिस सेटिंगमध्ये उलटे लागलेत का ते बघून घ्या, बऱ्याचदा तसे असतात आणि मग फुल पॉवर देऊनही विमान जागचं हलत नाही.