‘आधी एखादे पाठ्यपुस्तक उघडावे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सदाशिव पेठकर’ या टोपणनावाने लिहिणारे वाचक यांस,

थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातला पेशींचा पुंजका) आणि कॉर्टेक्स (मेंदूचे बाहेरचे, सुरकुतलेले आवरण) यांच्यातील देवाणघेवाणीवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, एकदा रात्री आणि एकदा सकाळी चहा झाल्यावर. सकाळीही ती तितकीच खोचक वाटली, म्हणून हे उत्तर.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात देतो. लेख लांबला आहे. ‘सर्व संवेदना थॅलॅमसमधून जातात’ हे विधान वासाच्या बाबतीत चूक आहे. प्राण्यांवरचे प्रयोग माणसाला लावले आहेत. अलका चौकातल्या हवालदाराची उपमा बालिश आहे. आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, ‘कॉर्टेक्सकडून थॅलॅमसकडे परत जाणारे तंतू संख्येने जास्त आहेत म्हणून ते महत्त्वाचे ठरत नाहीत, लेखकमहाशयांनी विज्ञान शिकवायला निघण्याआधी एखादे पाठ्यपुस्तक उघडावे.’

वासाचे मान्य. नाकाकडून निघालेली वार्ता घ्राणकंदातून थेट कॉर्टेक्सच्या जुन्या भागात पोहोचते, वाटेत थॅलॅमस लागत नाही. ‘सर्व’ या शब्दाआधी ‘वास वगळता’ हे दोन शब्द मी आज सकाळीच घातले आहेत आणि त्याबद्दल आपले आभार मानतो. लेख लांबल्याची तक्रार आपण तो शेवटपर्यंत वाचूनच केली असणार, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.

आता पाठ्यपुस्तक. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात २९ वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. हे सांगायची हौस नाही, पण आपण विषय काढलात. माझे पहिले पाठ्यपुस्तक मी अप्पा बळवंत चौकातून जुने विकत घेतले होते, कारण नवे परवडत नव्हते. ते आजही टेबलावर आहे. बांधणी सुटली आहे आणि पाठीला खाकी कागद चिकटवला आहे. थॅलॅमसच्या पानावर आधीच्या मालकाने ‘रिले स्टेशन’ या शब्दांखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आहेत आणि समासात ‘हमखास विचारतात’ असे लिहून ठेवले आहे. शेजारच्या आकृतीत अकरा बाण आहेत. आपल्या प्रतिक्रियेनंतर मी ते पुन्हा मोजले. अकराही थॅलॅमसमधून वर कॉर्टेक्सकडे जातात; खाली येणारा एकही नाही. पहिली सहा वर्षे मीही ती आकृती फळ्यावर जशीच्या तशी काढत होतो आणि मुले ती जशीच्या तशी उतरवून घेऊन पास होत होती. बाराव्या बाणाची जागा नंतर मी निळ्या बॉलपेनने भरली, आणि तो उलटा, वरून खाली येणारा आहे. तेव्हा पाठ्यपुस्तक उघडलेले आहे, महाशय. माझा लेख त्या उघड्या पानाविषयीच होता.

मतभेद नोंदवायला आपल्या वाक्याचा पूर्वार्ध पुरला असता. त्याच्या शेपटाला टोमणा बांधण्याची गरज नव्हती. पुणेकरांना टोमण्यावाचून असहमत होता येत नाही असा समज बाहेरगावी आहेच. आपण त्याला घरबसल्या हातभार लावता.

‘संख्या म्हणजे महत्त्व’ असे मी मुळात लिहिलेले नाही. लॅटरल जेनिक्युलेट या थॅलॅमसमधील दृष्टीच्या केंद्रकाबद्दल, म्हणजे पेशींच्या पुंजक्याबद्दल, माझे वाक्य असे होते (सिनॅप्स म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो सांधा) : ‘तिथल्या वार्ता पुढे नेणाऱ्या पेशींवरील सिनॅप्सपैकी दृष्टिपटलाकडून आलेले जेमतेम ५ ते १० टक्के आणि कॉर्टेक्सकडून आलेले सुमारे ३० टक्के, यावरून या पेशींना कोणाकोणाचे ऐकावे लागते याचा अंदाज यावा.’ ‘अंदाज यावा’ आणि ‘सिद्ध होते’ यांत अंतर आहे, आणि ते ओळखायला मेंदूविज्ञान लागत नाही, मराठी लागते.

आपला आक्षेप ज्या मांडणीवर उभा आहे तिचे नाव आपण दिले नाहीत, म्हणून मी देतो. शर्मन आणि गिलरी या दोघा मेंदूशास्त्रज्ञांनी १९९८ साली चेतातंतूंचे दोन प्रकार पाडले, चालक आणि नियामक. चालक तंतू वार्तेचा मजकूर आणतात; नियामक तंतू तो मजकूर कसा पुढे जाईल हे ठरवतात. जेनिक्युलेटमध्ये दृष्टिपटलाचे तंतू थोडे असले तरी चालक आहेत. त्यांचे सिनॅप्स मोठे असतात, पेशीच्या बुंध्याजवळ बसतात आणि झटक्यात काम करतात. कॉर्टेक्सच्या सहाव्या थरातून परत येणारे तंतू भरपूर असले तरी पेशीच्या फांद्यांच्या टोकांना चिकटतात आणि हळू, सौम्य परिणाम करतात. पुरावाही स्वच्छ आहे. जेनिक्युलेटमधली पेशी दृष्टिपटलातल्या पेशीसारखीच, प्रकाशाच्या गोल ठिपक्याला प्रतिसाद देते. कॉर्टेक्समधल्या पेशींप्रमाणे तिरप्या-उभ्या रेषा निवडत बसत नाही. मजकूर दृष्टिपटलाचाच आहे. इथवर आपण आणि मी एकाच बाकावर बसलो आहोत, फक्त आपण तिथेच उठून गेलात.

कारण मजकूर एकाचा असला तरी तो कोणत्या आवाजात वाचला जाईल, हे दुसऱ्याच्या हाती असू शकते. थॅलॅमसमधल्या पेशीला दोन रीती असतात. यान्सेन आणि लिनास या संशोधकांनी १९८४ साली गिनीपिगच्या मेंदूच्या कापांवर त्या तपशिलाने दाखवल्या. पेशीचा विद्युतदाब विश्रांतीच्या पातळीपेक्षा जरा वर असेल, तर आलेल्या प्रत्येक संदेशाला ती प्रमाणात उत्तर देते, जणू कारकून ओळीमागून ओळ उतरवून घेतो आहे. हाच दाब सुमारे १०० मिलिसेकंद खाली राहिला, तर पेशीच्या आवरणातले, कॅल्शियम आत घेणारे ‘टी’ प्रकारचे मार्ग उघडण्यासाठी तयार होतात, आणि मग छोट्याशा धक्क्यानेही पेशी एकामागोमाग स्पंदांचा झुबका उडवते. या दुसऱ्या रीतीत तपशील जातो, पण ‘काहीतरी घडले’ ही वर्दी ठणठणीत पोहोचते. तीच वार्ता, तीच पेशी, आणि कॉर्टेक्सला मिळणारी चीज मात्र निराळी. पेशी कोणत्या रीतीत असावी हे दृष्टिपटल ठरवत नाही. ते मेंदूच्या खोडाकडून येणारे तंतू ठरवतात, आणि आपण ज्यांना महत्त्व द्यायला तयार नाही ते सहाव्या थराचे तंतूही ठरवतात. हे तंतू पेशीला थेट चेतवून पहिल्या रीतीत आणतात, किंवा रेटिक्युलर केंद्रकाच्या मार्फत दाबून दुसऱ्या रीतीत ढकलतात. रेटिक्युलर केंद्रक म्हणजे थॅलॅमसला पातळ सालीसारखे वेढणारे आणि केवळ दाबण्याचे काम करणारे पेशींचे आवरण. वर जाणारे आणि खाली येणारे, दोन्ही तंतू त्याला फाटे देऊन जातात. डीएनएच्या रचनेमुळे ज्यांचे नाव घरोघर माहीत आहे त्या फ्रान्सिस क्रिक यांनीही १९८४ मध्येच, थॅलॅमस हे जर कॉर्टेक्सचे दार असेल तर हे आवरण त्या दाराचा राखणदार आहे, अशा अर्थाची कल्पना मांडली होती.

म्हणून हवालदार. लकडी पूल उतरून संध्याकाळी साडेसहाला अलका चौकात उभे राहा. हवालदाराचा हात हे वाहन नव्हे. त्या हातावर बसून कोणी डेक्कनहून मंडईला गेल्याचे ऐकिवात नाही. तरी कोणती रांग सुटेल आणि कोणती खोळंबेल हे त्या हातावर ठरते. उपमा बालिश असेल, पण चालक आणि नियामक यांच्यातला जो फरक मला समजला नाही असे आपण म्हणता, नेमका तोच ती सांगते.

आपण ज्या मांडणीचा आधार घेता तिचा उरलेला अर्धा भाग तर आपल्या विरोधातच जातो. ‘परत जाणारे तंतू’ असे आपण सरसकट म्हणता, पण कॉर्टेक्समधून थॅलॅमसकडे दोन थरांतून तंतू येतात. सहाव्या थरातले नियामक, हे झाले. पाचव्या थरातले जाड आणि थोडे असतात, पल्व्हिनारसारख्या (हे थॅलॅमसच्या मागच्या भागात असते) केंद्रकांत मोठे सिनॅप्स करतात, आणि शर्मन-गिलरी यांच्याच कसोटीवर ते चालक ठरतात. म्हणजे पल्व्हिनारला मजकूर मुख्यतः कॉर्टेक्सच पुरवते, आणि पल्व्हिनार तो कॉर्टेक्सच्या दुसऱ्या भागाकडे पाठवते. कॉर्टेक्सचा एक भाग दुसऱ्याशी थेट बोलतोच, पण त्याच बोलण्याची एक प्रत थॅलॅमसमधून फिरून येते. माणसासह सर्व प्राइमेटांत, म्हणजे माकड-वानरांच्या गटात, पल्व्हिनार हे थॅलॅमसचे सर्वांत मोठे केंद्रक आहे. नुसत्या टपालासाठी निसर्गाने एवढी जागा का अडवली असती, हे आपण सांगावे. तीच जाड तंतूंची वाट पुढे फाटे फोडून खाली मेंदूच्या खोडाकडे, हालचालींच्या केंद्रांकडेही जाते. म्हणजे पल्व्हिनारला मिळते ती प्रत, निघालेल्या हुकमाची नक्कल असण्याचा संभव आहे. हा मुद्दा माझ्या लेखात अर्ध्या परिच्छेदात उरकला गेला, त्याची खंत मला आहे. आपल्याला तो मुळीच दिसला नाही, त्याची मला नाही.

एक घरगुती गोष्ट सांगतो, आणि ती पुरावा म्हणूनच सांगतो. २००९ साली माझ्या आईच्या उजव्या थॅलॅमसमध्ये पक्षाघाताचा झटका आला. छायाचित्रात दिसणारा डाग तुरीच्या दाण्याएवढा होता. सुरुवातीला डावी बाजू बधिर झाली, हे सगळ्यांना अपेक्षित होते. तीन महिन्यांनी त्याच बाजूला आग सुरू झाली. नऊवारीचा काठ पोटरीला लागला तरी ती ओरडायची. मोरीतल्या गार पाण्याचा शिंतोडा तिला उकळत्या पाण्यासारखा वाटायचा. ज्या रुग्णालयात आम्ही गेलो तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिला तपासून मला बाजूला घेतले आणि ‘काका, थॅलॅमस फक्त संदेश पुढे पाठवतो, तो बंद पडल्यावर दुखणार कसे, हे मनाचे आहे’ असे सांगितले. आईला होत होते तशा दुखण्याचे वर्णन डेजेरिन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ सालीच नोंदवून ठेवले आहे आणि त्या दुखण्याला त्यांचे नावही आहे. नुसती तार तुटली असती तर पलीकडे शांतता व्हायला हवी होती. वेदना नेमकी कशी उपजते याबद्दल मतभेद आहेत, पण थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्यातला तोल बिघडल्याखेरीज ती समजावता येत नाही, यावर मी ठाम आहे. आईला नैराश्यावरच्या एका गोळीच्या लहान मात्रेने थोडा उतार पडला. ती पुढची चार वर्षे डाव्या पायात दोन मोजे घालून झोपली. आपण माझ्या त्या लेखाला ‘निवृत्तांचा विरंगुळा’ म्हणालात, तो शब्द सारांशात मी मुद्दाम घेतला नव्हता.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचे काय, हा प्रश्न एका वाक्याचा आहे : लेखात मी उंदरांबरोबर मकाक माकडांचाही दाखला दिला होता, २०१२ सालचा, ज्यात लक्ष कुठे आहे त्यानुसार पल्व्हिनार कॉर्टेक्समधल्या दृष्टीच्या दोन भागांतील ताल जुळवते असे दिसले. माणूस हवा असेल तर २००७ सालचा दाखला आहे. मेंदूच्या इजेनंतर सहा वर्षे जेमतेम शुद्धीत असलेल्या ३८ वर्षांच्या रुग्णाच्या थॅलॅमसच्या मध्यभागाला विद्युत उत्तेजन दिल्यावर त्याची हालचाल, बोलणे आणि खाणे सुधारले.

पल्व्हिनारवर स्वतंत्र लेख पुढच्या पंधरवड्यात येईल. त्यावर आपण जरूर लिहावे, आणि शक्य झाल्यास खऱ्या नावाने लिहावे. २९ वर्षांत माझ्या वर्गातून बरीच मुले गेली. आपण त्यांच्यापैकी असाल, तर पुढच्या वेळी ‘आपण’ लिहायचे की ‘तू’, हे ठरवणे मला सोपे जाईल.