खळ्यावर उभा राहिलेला लोहार

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला. बारा बलुतेदार, पैशावाचून चालणारं गाव, सगळे एकमेकांना धरून, कुणी उपाशी नाही. खाली हात जोडलेले इमोजी. मी लोहाराचा नातू, आजोबांनी बलुतं केलेलं. म्हणून लिहितोय.

बलुतं म्हणजे वर्षभर गावाच्या नांगरांचे फाळ शेवटून द्यायचे, म्हणजे तापवून-ठोकून त्यांचं टोक पुन्हा काढायचं, विळ्या-खुरप्यांना धार लावायची, कुळवाची पास सरळ करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. 'घ्यायचा' हा शब्द आजीला मान्य नव्हता. ती म्हणायची, "जाऊन उभं राहायचं." रास बरी पडली तर पाटी भरायची, नाहीतर 'पुढच्या साली बघू'. पुढच्या सालापर्यंत भाता मात्र थांबवता येत नसे.

काम काय दर्जाचं होतं ते सांगतो. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची, तर लोखंडी कडं लाकडी चाकापेक्षा घेरानं जरासं लहान ठेवायचं. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होऊन फुगलं की चौघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायचं आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, वाफेत काही दिसत नाही, आणि आवळणाऱ्या लोखंडाखाली चाकाचे सांधे करकरत बसतात. कडं फार लहान झालं तर आरे वाकणार, सैल राहिलं तर उन्हाळ्यात धाव निसटणार. आजोबांकडे यासाठी टेप नव्हती. आणि असा माणूस खळ्याच्या कडेला पाटी घेऊन उभा!

कारागीर कायमच असा उभा होता का? नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन बघा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं कोरून ठेवलंय : ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेव. त्यातले २००० महिना शेकडा एक व्याजानं, १००० पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. राजाचा जावई पैसे ठेवतो ते कोष्ट्यांकडे! तिथल्याच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणारे यांच्या श्रेणी आहेत. जुन्नरच्या लेण्यांत बुरूड आणि कासार. आणि कान्हेरीत, कल्याणच्या नंद नावाच्या लोहारानं वाट करून दिल्याचा लेख. दान देणारा लोहार. आमच्या घरात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, मला ती चाळिशीत कळली.

मग बिघडलं कुठं? माझं मत असं, की गोवर्धन, जुन्नर, कल्याण ही व्यापारी मार्गावरची गावं. एका धंद्याची पुष्कळ घरं एका ठिकाणी, म्हणून भाव ठरवता यायचा, शब्दाला वजन यायचं. बलुत्यात गावाला लोहाराचं घर एक, फार तर दोन. समोर अख्खं गाव. भाव कुणाशी बोलून ठरवणार? बलुतेदारांत थोरल्या ओळीचा, म्हणजे सगळ्यांत वरचा मान मिळाला, सुताराच्या बरोबरीनं. मानावर भाकरी भाजत नाही. जातीची पंचायत होती, पण तिच्या ज्या गोष्टी मी ऐकल्या त्या सोयरिकीच्या आणि वाळीत टाकण्याच्या. मजुरीचा विषय तिथं निघाल्याचं आजोबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

पुढे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात, नंतर घेतला. ओतीव फाळ काही ठोकून शेवटता येत नाही, झिजला की दुकानातून नवा. ट्रॅक्टरनं उरलंसुरलं संपवलं. मला याचं फार दुःख नाही. वडील बलुतं सोडून वेल्डिंगकडे वळले, तेव्हा घरात पहिल्यांदा रोख पैसा आला.

आता माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तालुक्याच्या रस्त्यावर आम्ही सातजण, म्हणजे संख्या जमली म्हणायची. गेल्या महिन्यात चहाच्या टपरीवर बसून ग्रिलचा किलोचा भाव ठरवला, खाली कुणी जायचं नाही असा शब्द दिला. आठ दिवसांत दोघांनी मोडला. त्यातला एक मी.