‘भोंग्यातून फरक कुणाला कळतो?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टॉवेल-चादरीच्या दुकानाला ३० सेकंदांच्या जाहिरातीसाठी आवाज देणाऱ्याला तीन हजार मोजणं परवडत नाही, एआय तेच काम दोन मिनिटांत करतं, रिक्षावरच्या भोंग्यातून फरक कुणालाच कळत नाही, आणि मागचा लेख म्हणजे आवाजवाल्यांची वकिली. वकिलीचं राहू द्या. पण भोंग्याचं उदाहरण नेमकं तुमच्यावरच उलटतं.

भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं फेकत नाही आणि वर पाच-सहा हजारांपुढे त्याचा दम संपतो. म्हणजे ज्या भारदस्त खर्जासाठी तुम्ही एआयचा ‘डीप’ आवाज निवडता, तो रस्त्यावर पोचतच नाही. उरतात ती व्यंजनं. आणि मराठीत मशीन अडखळतं ते तिथेच. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण लिहिताना वेगळे दाखवत नाही. ‘चादर’, ‘चांगली’, ‘जोडी’, ‘जवळ’ म्हणताना जीभ दातांकडे जाते. ‘चार’, ‘चाळीस’, ‘जीएसटी’ म्हणताना टाळूला लागते. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत तर झ तोच, उच्चार दोन. हिंदीवर पोसलेला आवाज हे सगळं एकाच साच्यातून काढतो. ‘चांगली चादर, जोडीनं घ्या’ हे हिंदी च-ज लावून मोठ्यानं म्हणून बघा. सोलापूरच्या नवी पेठेतलं गिऱ्हाईक कारण सांगू शकणार नाही, पण दुकान बाहेरच्याचं आहे असं त्याला वाटेल. सोलापुरी चादर विकणाऱ्याला हे महागात पडतं.

यावर उपाय आहेत. मायक्रोसॉफ्टचे ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे मराठी आवाज आहेत. आधी असा मराठीचाच आवाज घ्या, हिंदी आवाजाला मराठी वाचायला लावू नका. तरीही च चुकला तर ‘त्सादर’ असं लिहून बघा. कधी जमतं, कधी मशीन त् आणि सा वेगळे तोडतं. मग शब्दच बदलावा लागतो, आणि चादरवाल्यानं ‘चादर’ शब्द टाळायचा म्हणजे कठीणच. आकडे नेहमी अक्षरांत द्या. ‘१,२९९’ दिलं तर ‘एक हजार दोनशे नव्व्याण्णव’ ऐकू येतं. पेठेत कुणी असं बोलत नाही. ‘बाराशे नव्व्याण्णव’ लिहा, वेळही वाचतो. ‘६०×९०’ ऐवजी ‘साठ बाय नव्वद’. ‘रु.’, ‘मे.’ असली संक्षिप्त रूपं उलगडून टाका.

रिक्षाचा हिशेबही सांगतो, कारण इथे दोष आवाजाचा नसून मजकुराचा असतो. ताशी १५ किलोमीटरनं जाणारी रिक्षा सेकंदाला सुमारे ४ मीटर पुढे सरकते. भोंगा अलीकडे ३० आणि पलीकडे ३० मीटर नीट समजतो असं धरलं, तर उभ्या माणसाच्या वाट्याला १५ सेकंद येतात. तुमची जाहिरात ३० सेकंदांची, दुकानाचं नाव शेवटी. म्हणजे अर्ध्या लोकांना नाव कळलंच नाही. दर १०-१२ सेकंदांनी नाव आणि ठिकाण आलं पाहिजे, आणि एकूण शब्द साठ-पासष्टच्या वर नकोत. कलाकार नाव तिसऱ्यांदा घेताना आवाज चढवतो. मशीन तिन्ही वेळा सारखंच घेतं, म्हणून कान तिथून उठतो.

आता दोन मिनिटांचं. दोन मिनिटांत निघतो तो पहिला टेक. मग चादरीची किंमत बदलते, तुम्ही तेवढंच वाक्य पुन्हा काढून जोडता, आणि सूर बदलल्यामुळे जोड उघडा पडतो. अख्खा परिच्छेद पुन्हा काढावा लागतो. माणसाचंही हेच होतं, हे मान्य: महिन्याभरानं रेकॉर्ड करून जोडलेला तुकडा माइकचं अंतर वेगळं पडल्यानं मिसळत नाही. म्हणून तीन हजार देणार असाल तर एकाच बैठकीत ‘फक्त आज’, ‘उद्या शेवटचा दिवस’, ‘साठा संपेपर्यंत’ अशा पाच-सहा शेपट्या आणि किमतीची दोन-तीन वाक्यं करून घ्या. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात मागा. व्हॉट्सॲपवरून आलेली ऑडिओ नको. रेकॉर्डिंगला पंखा बंद. मे महिन्यात सोलापुरात हे क्रूर आहे, पण पंख्याची घरघर नंतर काढली की स, श पातळ होतात.

फोनवरचं ‘आपला कॉल महत्त्वाचा आहे’, दुकानातल्या रोज बदलणाऱ्या घोषणा, व्हिडिओ कापण्यापुरता कच्चा आवाज: इथे एआयच वापरा, माणसाला त्रास देऊ नका. गड्डा यात्रेच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, जाहिरातीत मात्र खास सोलापुरी ‘काय बे’ असेल, तर माणूस हवा. त्या ‘बे’त लाड आहे की दम, हे सुरावर ठरतं, मशीन तो पाढ्यातल्यासारखा सपाट वाचतं.

तेलुगू आणि कन्नडचा धोका याहून मोठा. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागासाठी तेलुगू जाहिरात एआयनं केली, तर ती आंध्र-तेलंगणातल्या प्रमाण तेलुगूत येते, आणि तुम्हाला स्वतःला ती तपासता येत नाही. चालवण्याआधी तिथल्याच कुणाला तरी एकदा भोंग्यावरच ऐकवा, हेडफोनवर नव्हे.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, तरी सांगतो. अनेक सेवांच्या फुकट योजनेत व्यावसायिक वापराची परवानगीच नसते. जुन्या कलाकाराच्या रेकॉर्डिंगवरून त्याचा आवाज ‘क्लोन’ करायचा, म्हणजे मशीनकडून त्याची हुबेहूब नक्कल करवून घ्यायचा, विचार असेल, तर लेखी संमतीशिवाय हात लावू नका. परवानगीविना आवाज क्लोन करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना अंतरिम संरक्षण दिलं आहे. त्यांचं नाव मोठं आहे, पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मधला सादरकर्त्याचा हक्क फक्त मोठ्या नावांसाठी नाही. कागदावर चार गोष्टी घ्या: कुठे वाजणार, किती महिने, कोणत्या भाषेत, आणि आवाज मशीनला शिकवायला वापरणार की नाही.