डाईस की जॅकार्ड, एवढं लिहायला काय जातं?

आज डोकं फिरलंय माझं. तीन दिवस एकाच जेलच्या फोटोसमोर बसलेय आणि दोन सॉफ्टवेअर दोन वेगळी झाडं (कुठला जंतू कुणाच्या जवळचा ते दाखवणारे वंशवृक्षासारखे तक्ते) काढून देतायत. फोटो तोच, बँड (जेलवर दिसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या पट्ट्या) तेच!

गोव्यातल्या शापोरा नदीच्या तिसऱ्यांमधून (शिंपल्यांमधून) काढलेले व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस नावाचे जंतू आहेत. भर पावसात शिवोलीहून नमुने आणले, जंतू वाढवले, पीएफजीईचं (विजेने डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करायच्या पद्धतीचं) जेल रात्रभर चालवलं. एकदा मध्येच वीज गेली, सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. तेही सोसलं. हे नाही सोसवत.

आता बघा. एका स्ट्रेनचे (जंतूच्या वाणाचे) 14 बँड, दुसऱ्याचे 15, जुळतात 12. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये डाईस (साम्य मोजायचा गुणांक, जुळलेले बँड दुप्पट धरतो) निवडलेलं, साम्य आलं 83 टक्के. फुकटच्या सॉफ्टवेअरने न विचारता जॅकार्ड (दुसरा गुणांक, जुळलेले बँड एकदाच धरतो) धरलं, साम्य 71! आमची रेघ 80 वर, त्याच्या वरचे ते एका गटातले. म्हणजे सकाळी सख्खी भावंडं, दुपारी अनोळखी? आणि डोळ्यांनी मोजायचे टेनोव्हर या संशोधकाचे 1995 चे निकष लावले तर 5 बँडांचा फरक, म्हणजे 'कदाचित संबंधित'. एकाच जोडीचे तीन निकाल!

बरं, हा झाला फक्त गुणांकाचा घोळ. टॉलरन्स (दोन बँड एकच धरायला चालणारा जागेचा फरक) 1 वरून 1.5 टक्के केला की लेन 7 (जेलवरच्या सातव्या रांगे) मधला पुसट बँड शेजारच्याशी जुळतो. आपोआप बँड शोधायला सांगितलं तर जेलवरचा कचऱ्याचा ठिपकासुद्धा बँड म्हणून मोजला जातो. कडेच्या लेन वाकलेल्या, त्या मार्करशी (माहीत असलेल्या मापाच्या बँडांशी) हाताने जुळवायच्या. विकतचं सॉफ्टवेअर चालतं एकाच पीसीवर, तेही यूएसबीचं कुलूप लावल्याशिवाय उघडत नाही, आणि ते कुलूप कायम दुसऱ्या कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.

पण सर्वात जास्त राग येतो तो पेपर वाचताना. "अमुक सॉफ्टवेअरने विश्लेषण केले." संपलं! अहो, गुणांक कुठला? टॉलरन्स किती? झाड यूपीजीएमएचं (झाड काढायची एक पद्धत) की आणखी कशाचं? बँड हाताने लावले की मशीनने? दोन ओळी जास्त लिहिल्या तर कागद फाटतो का? तुमच्या 85 टक्क्यांशी माझे 83 ताडून बघायचे कसे? याच जंतूने माणसं जुलाबाने आडवी होतात, कुठल्या तिसऱ्यांतून आला ते याच झाडावरून सांगायचं असतं.

सर म्हणाले, "एक सॉफ्टवेअर धर आणि पुढे जा." नाही जाणार. उद्या लेन 7 चा एकेक बँड हाताने लावतेय, आणि टॉलरन्सपासून गुणांकापर्यंत सगळं पेपरात लिहितेय. छापायचं तर तसंच छापा.