रेकॉर्ड दुकानात नव्हती, म्हणून आठवणी छापल्या

नमस्कार काका,

सत्तरच्या दशकातल्या 'बिग स्टार' या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांच्या आठवणींवर मी लिहिलेला लेख तुम्ही नीट वाचलात आणि खरमरीत उत्तर लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेखात संगीत कमी आणि लोकांच्या आठवणीच जास्त आहेत. मेम्फिसच्या या बँडला 'दुर्लक्षित' म्हणणं म्हणजे पळवाट आहे, लोकांना आवडला नाही म्हणून तो चालला नाही. आठवणींचा भरवसा नाही, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. बँडचा गायक अलेक्स चिल्टन स्वतःच म्हणायचा की या बँडचा उगाच गवगवा झालाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की ऐकायचंच झालं तर सुरुवात कुठून करायची.

आधी विक्रीचं बोलू, कारण तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. तुम्ही लिहिलंत की १९७२ साली तुम्ही ओहायोत एम.एस. करत होतात. रूममेटच्या गाडीत रेडिओवर 'रास्पबेरीज'चं 'गो ऑल द वे' लागलं, ते डोक्यात बसलं, आणि त्याच आठवड्यात कॅम्पसजवळच्या दुकानातून तुम्ही रेकॉर्ड घेऊन आलात. त्याच वर्षी, त्याच धाटणीचं संगीत करणारे रास्पबेरीज अमेरिकेत पहिल्या पाचांत पोचले. मग बिग स्टारला कोणी अडवलं होतं, हा तुमचा सवाल.

काका, तुम्ही जे दोन टप्पे सांगितलेत, आधी रेडिओ आणि मग दुकान, त्यातला दुसरा टप्पा बिग स्टारच्या वाट्याला आलाच नाही. रास्पबेरीज क्लीव्हलंडचे, पण त्यांच्यामागे कॅपिटल रेकॉर्ड्स होती. त्याच धाटणीच्या 'बॅडफिंगर' बँडमागे बीटल्सची अ‍ॅपल ही रेकॉर्ड कंपनी होती. बिग स्टारची रेकॉर्ड काढली मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओने, आणि ती दुकानांपर्यंत पोचवायची जबाबदारी होती स्टॅक्सची. स्टॅक्स ही सोल संगीतातली, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातली, फार मोठी कंपनी; गायक ओटिस रेडिंगच्या रेकॉर्ड्स काढणारी. तिची माणसं, तिची दुकानं, तिचे रेडिओवाले सगळे त्या संगीतातले. चार गोऱ्या पोरांचा गिटारचा बँड कुठे आणि कसा विकायचा याची घडी त्यांच्याकडे बसलेलीच नव्हती. काही ठिकाणी रेडिओवर गाणं लागायचं, ऐकणारा दुकानात जायचा आणि हात हलवत परत यायचा. ही तक्रार बँडच्या लोकांनीही केलीय आणि त्या काळातल्या चाहत्यांनीही.

पुढचं तर आणखी वाईट. १९७२ मध्येच स्टॅक्सने वितरणाचा करार कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीशी केला. कोलंबियाला स्टॅक्सच्या जुन्या छोट्या वितरकांशी देणंघेणं ठेवायचं नव्हतं. त्यामुळे पहिल्या अल्बमच्या ज्या थोड्या प्रती दुकानांत होत्या त्याही मागे घेतल्या गेल्या. हा करार घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस १९७३ मध्ये कोलंबियातून गेले आणि स्टॅक्सला तिथे वाली उरला नाही. १९७४ मध्ये दुसरा अल्बम 'रेडिओ सिटी' आला, तेव्हा दोन्ही कंपन्यांचे संबंध पार बिघडलेले होते. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचं दिवाळं निघालं. पहिला अल्बम तेव्हा दहा हजारही खपला नाही असं सांगतात. समीक्षकांना तो तेव्हाच आवडला होता. मे १९७३ मध्ये रॉक संगीतावर लिहिणारे पत्रकार मेम्फिसला जमले होते, त्यांच्यासमोर बँड वाजला आणि ही जाणती मंडळी अक्षरशः नाचली. म्हणजे ज्यांना फुकट प्रती मिळाल्या त्यांनी रेकॉर्ड ऐकली, आणि ज्यांना पैसे मोजायचे होते त्यांना ती मिळाली नाही.

म्हणून 'लोकांनी नाकारलं' हे मला मान्य नाही. लोकांच्या हातात वस्तू पोचली असती आणि त्यांनी ती परत ठेवली असती, तर तुमचं म्हणणं मी खाली मान घालून ऐकलं असतं.

आता आठवणींकडे येतो. त्या लेखात मी आठवणी रंगत आणायला घातल्या नव्हत्या. ज्या बँडची रेकॉर्ड दुकानात नव्हती, तो आज आपल्याला माहीत आहे तो फक्त एकाने दुसऱ्याला ऐकवला म्हणून. या बँडचं वितरण चाहत्यांनी केलं. कोणाला तो कुठल्या वाटेने भेटला हे बाजूला ठेवलं, तर बिग स्टारचा १९७५ नंतरचा इतिहास लिहायला हातात काहीच उरत नाही.

वाटा तरी किती वेगवेगळ्या! १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये ईएमआयने पहिले दोन अल्बम एकत्र काढले. तिकडच्या पोरांना ते तसे मिळाले. १९८४ मध्ये 'दिस मॉर्टल कॉइल' या गटाने बिग स्टारच्या तिसऱ्या अल्बममधली दोन गाणी गायली. काहींना बिग स्टार तिथून कळला, त्यामुळे त्यांच्या लेखी हा बँड आधी उदास आणि मग गोड. १९८६ मध्ये 'बँगल्स' या मुलींच्या बँडने 'रेडिओ सिटी'मधलं 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं. १९८७ मध्ये 'रिप्लेसमेंट्स' या बँडने थेट अलेक्स चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं, तेही आर्डेंटमध्ये बसून. स्कॉटलंडच्या 'टीनेज फॅनक्लब'ने तर हे ऋण कधी लपवलंच नाही.

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंची आठवण तुम्हाला 'घरगुती गप्पा' वाटली. मला ती फार मोलाची वाटते. शाळेत असताना मोठ्या भावाने बँगल्सची कॅसेट आणली होती. सगळ्या मैत्रिणी 'वॉक लाइक अ‍ॅन इजिप्शियन'वर नाचायच्या आणि ही मुलगी मात्र कॅसेट पुढे सरकवून एकच गाणं, 'सप्टेंबर गर्ल्स', पुन्हा पुन्हा लावायची. कॅसेटच्या आतल्या कागदावर गाण्याखाली बारीक अक्षरात 'चिल्टन' एवढंच छापलेलं. हा कोण, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. कितीतरी वर्षांनी, इंटरनेट आल्यावर, त्यांनी ते आडनाव शोधलं आणि मूळ गाणं ऐकलं. त्यांनी लिहिलंय, 'मला वाटलं होतं मूळ गाणं जुनाट वाटेल, पण आमचंच गाणं जुनं वाटायला लागलं.' या एका वाक्यात 'रेडिओ सिटी'च्या ध्वनिमुद्रणाबद्दल जेवढं कळतं तेवढं मला पानभर लिहूनही सांगता आलं नसतं. आर्डेंटचे जॉन फ्राय यांनी मुद्रित केलेली ती गिटार आजही काल वाजवल्यासारखी ऐकू येते.

माझी वाटही सांगतो. नव्वदच्या दशकात माझा आतेभाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या सामानात दोन्ही अल्बम एकत्र असलेली सीडी होती. त्याने ती माझ्यासाठी आणली नव्हती, स्वतःला ऐकायला आणली होती. मी कॅसेटवर उतरवून घेतली. कॅसेटची बाजू संपायची तिथे एक गाणं मधेच तुटायचं, आणि ते गाणं आजही पूर्ण ऐकताना त्या जागी माझा हात नकळत बटणाकडे जातो. बिग स्टार ऐकणाऱ्या बहुतेकांकडे अशी एखादी तुटकी जागा असते, कारण बहुतेकांनी तो असाच कुणाकडून तरी उसना घेतलाय.

आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, हा तुमचा आक्षेप. तिसऱ्या अल्बमबद्दल दोन वाचकांचं पटत नव्हतं ते तुम्ही नेमकं पकडलंत. एक म्हणतो अल्बम अमुक गाण्याने सुरू होतो, दुसरा म्हणतो छे, ते तर मधे आहे. काका, दोघंही बरोबर आहेत. हा अल्बम १९७४ मध्ये जिम डिकिन्सन यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाला, पण बँडने त्याचा शेवटचा क्रम कधी ठरवलाच नाही. नावही पक्कं नव्हतं. कोणी 'थर्ड' म्हणतं, कोणी 'सिस्टर लव्हर्स'. १९७८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा गाण्यांचा क्रम एक होता, आणि १९९२ मध्ये रायकोडिस्क या कंपनीने सीडी काढली तिच्यात क्रम दुसरा आणि गाणीही जास्त. ज्याच्या हाती जी प्रत लागली तोच त्याचा अल्बम. इथे आठवणी जुळल्या असत्या तर मला संशय आला असता.

चिल्टनचं म्हणाल तर खरं आहे, बिग स्टारच्या कौतुकाने तो कायम अवघडायचा आणि कधी कधी तुसडेपणानेही बोलायचा. पण माणूस कुठून आला होता तेही पाहा. १९६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, 'बॉक्स टॉप्स'बरोबर गायलेलं त्याचं 'द लेटर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. नंतर ज्या गाण्यांत जीव ओतला ती कोणाला मिळालीच नाहीत, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलात भांडी घासत होता. अशा माणसाला पंधरा वर्षांनी कोणी येऊन 'तुमचा अल्बम महान आहे' म्हणालं, तर त्याने हुरळून जावं ही अपेक्षा मला चुकीची वाटते. तो काय बोलला त्यापेक्षा त्याने काय केलं ते मी जास्त धरतो. १९९३ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या रेडिओवरच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे पुन्हा चाहत्यांनीच, ड्रमर जोडी स्टीफन्सला फोन करून बँड पुन्हा वाजेल का असं विचारलं. जोडी म्हणाला, अलेक्स तयार असेल तर मी तयार. आणि अलेक्स हो म्हणाला. 'पोझीज' या बँडचे दोघं, जे मुळात बिग स्टारचे भक्त, गिटार आणि बेसवर उभे राहिले. त्यानंतर १७ मार्च २०१० ला चिल्टन गेला तोपर्यंत हा बँड अधूनमधून वाजतच राहिला.

तो गेल्यावर तीनच दिवसांनी ऑस्टिनमध्ये बँडचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द न करता त्याच्या आठवणीचा कार्यक्रम म्हणून केला. तिथे जुना बेसवादक अँडी हमेल मंचावर आला. हा माणूस बँड सोडून शिकला, इंजिनिअर झाला आणि पुढे लॉकहीड या विमानं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केली. त्याच वर्षी जुलैत तोही गेला. बँड सुरू करणारा ख्रिस बेल तर १९७८ मध्येच, सत्तावीस वर्षांचा असताना, मोटार अपघातात गेला होता. मूळ चौघांपैकी आता जोडी स्टीफन्स एकटा उरलाय. म्हणून मला आठवणी गोळा करायची घाई आहे, आणि म्हणूनच मेम्फिसमध्ये फेडेक्सच्या कामावर असलेल्या आपल्या वाचकाला मी मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर जाऊन यायला सांगितलं होतं. आर्डेंटच्या समोर रस्त्यापलीकडे 'बिग स्टार' नावाचं किराणा दुकान होतं, बँडचं नाव तिथूनच आलं. सिगारेट आणि खाणं आणायला रस्ता ओलांडून जाणाऱ्या पोरांनी पाटी पाहून नाव ठरवलं. तो रस्ता किती रुंद आहे हेसुद्धा मला कळून घ्यायचं होतं.

तुमची ओहायोची आठवणही मला हवी आहे. ते दुकान कुठलं, रेकॉर्ड कितीला पडली, खोलीवर रेकॉर्ड प्लेयर कोणाचा होता, सगळं लिहा. रास्पबेरीजवर स्वतंत्र लेख करायचाच आहे.

आणि सुरुवात कुठून करायची ते सांगतो. पहिला अल्बम, 'नंबर वन रेकॉर्ड', क्रमानेच लावा. पहिलं 'फील' कर्कश वाटेल, ख्रिस बेल चिरक्या आवाजात गातो, पण लगेच बंद करू नका. त्याच्यामागून येणारं 'द बॅलड ऑफ एल गुडो' हेडफोनवर ऐका. सुरुवातीला एक गिटार आणि चिल्टनचा थकल्यासारखा आवाज, मग धृपदात एकावर एक आवाज चढत जातात. त्यात वरचा सूर कोणता आणि खालचा कोणता ते वेगळं काढायचा प्रयत्न करा. चौथं 'थर्टीन'. त्यात ड्रम्स नाहीत, फक्त गिटारी आणि आवाज. शाळेतला मुलगा मुलीला विचारतोय, तुला घरापर्यंत सोडू का, आणि आपल्या आवडत्या गाण्यांवर तिच्या वडिलांचं मत काय असेल याची त्याला चिंता आहे. सहावं हमेलचं 'द इंडिया साँग'. भारताचं नाव आहे म्हणून अपेक्षा ठेवाल, पण त्याच्या मनातला भारत म्हणजे जंगलातला पांढरा बंगला आणि हातात जिनचा ग्लास, थेट साहेबी काळातला. चाल मात्र गोड आहे, आणि बासरीसारखा सूर छान लागलाय.

मग 'रेडिओ सिटी' घ्या. तोपर्यंत बेल बँड सोडून गेलेला आहे, आवाजांची ती वीण सैल झालीय आणि त्या मोकळ्या जागेत चिल्टनची गिटार आणि जोडीचे ड्रम्स धावतात. 'सप्टेंबर गर्ल्स' ऐकून झालं की लगेच बँगल्सचं लावा, म्हणजे डोंबिवलीच्या ताई काय म्हणतात ते कळेल. तिसरा अल्बम इतक्यात नको. पहिले दोन मुरू द्या, मग १९९२ ची सीडी शोधा. क्रमाचा वाद तेव्हा घालू.