नायसियाच्या परिषदेत बायबलची पुस्तकं ठरली नाहीत

'सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 मध्ये परिषद भरवून बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची ते मतदानाने ठरवलं' असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. ख्रिस्ती धर्मगुरूंची ही परिषद खरी, सालही खरं. बाकी सगळा मीठमसाला. नायसियात, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या इझनिकमध्ये, मुख्य वाद होता एरियस या धर्मगुरूच्या मताचा: ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा, की त्याने निर्माण केलेला? शिवाय ईस्टरच्या तारखेचा घोळ होताच. परिषदेचे 20 नियम आजही वाचायला मिळतात. धर्मगुरूंनी व्याजबट्टा करू नये, रविवारी प्रार्थना गुडघे न टेकता उभ्याने करावी, इतकं बारीकसारीक त्यात आहे. ग्रंथांची यादी मात्र नाही. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या दुसऱ्या भागाची, नेमकी 27 पुस्तकं अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने पत्रात नोंदवली ती 367 मध्ये, परिषदेनंतर 42 वर्षांनी.