समाधान झालं म्हणायचं की नाही?

परवा इंदूरला आमच्या ओटल्यावर चांगलीच जुंपली. विषय बॅकलाइनमधल्या, म्हणजे घरांमागच्या बोळातल्या, ड्रेनेजच्या चेंबरचा. पाऊस जरा जोरात आला की त्याचं झाकण उचललं जातं आणि मैला अण्णांच्या मागच्या दाराशी येतो. शेजारच्या वहिनींनी सीएम हेल्पलाइनला, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या १८१ या तक्रारीच्या नंबरला, तक्रार टाकली. पाण्याच्या जोराने लाइन साफ करणारी जेटिंगची गाडी आली, चोक निघाला, आणि लगेच वहिनींना फोन: "मॅडम, संतुष्ट हैं बोल दीजिए, शिकायत क्लोज करनी है."

"मग सांगून टाका ना," नाना म्हणाले. "उद्या काम त्याच माणसांशी पडणार. वॉर्डाच्या पार्षदांना फोन केला की गाडी येतेच."

"गाडी येते नाना, पण चेंबर परत भरतं त्याचं काय?" वहिनी ऐकेनात. एल-वनला, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याकडे, काम झालं नाही तर तक्रार एल-टू, एल-थ्री करत वरच्या एल-फोर अधिकाऱ्यापर्यंत चढते. आपण "समाधान झालं" म्हटलं की ती खालीच मिटते, आणि लाइन बदलायचा निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांना आपली गल्ली कळतच नाही. मला वहिनींचं पूर्ण पटलं. चोक काढल्याबद्दल आभार जरूर मानावेत, पण तेवढ्यावर सही देऊ नये.

अण्णांचा राग वेगळाच. २०२१ मध्ये इंदूरला वॉटर प्लसचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नाल्या-नदीत न सोडणाऱ्या शहराचा, मान मिळाला, त्यासाठी नाल्यांत पडणारी सांडपाण्याची तोंडं बंद केली. "चांगलंच केलं. पण पूर्वी जास्तीचं पाणी नाल्यात निघून जायचं, आता ते माझ्या दारात येतं."

"पण अण्णा, ते जास्तीचं पाणी कुणाचं?" बांधकामावर सुपरवायझर असलेला बाळ्या इतका वेळ गप्प होता. "गल्लीतल्या निम्म्या गच्च्यांचे पाइप ड्रेनेजमध्ये सोडलेत." त्याने तिथेच मोबाइलवर हिशेब मांडला. हजार चौरस फुटांची गच्ची, एक इंच पाऊस, म्हणजे सुमारे २,३६० लिटर पाणी. माणशी १३५ लिटर धरले तर पाच जणांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतात. म्हणजे साडेतीन दिवसांचं पाणी तासाभरात त्या लाइनीत, तेही अशा प्रत्येक घरातून. सांडपाण्यापुरती टाकलेली लाइन ते कुठे ओढणार?

नाना उसळले. "म्हणजे दोष आमचाच?"

"आपलाही," वहिनी म्हणाल्या. "पण पावसाच्या पाण्याची वेगळी लाइन गल्लीत नाहीच, तर पाइप काढून सोडायचा कुठे? ते मागायलाच तर तक्रार उघडी ठेवायची."

मग त्यांनी नळाचं काढलं, आणि सगळे गप्प झाले. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मधल्या वेळात नळाची लाइन रिकामी असते, आणि शेजारचं ड्रेनेज झिरपत असेल तर एखाद्या फुटक्या जोडातून ती घाण आत ओढली जाते. वहिनींच्या घरी पाणी आल्यावर पहिली बादली हल्ली पिवळट निघते, वास येतो. ती त्या ओतून देतात. घरात दीड वर्षाची नात आहे. एवढं ऐकूनही "कशाला वाकडं घ्यायचं" म्हणणं मला तरी जमणार नाही.

मंगळवारी जनसुनवाईला, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, जायचं ठरलं. अर्ज बाळ्या लिहितोय: लाइन किती इंची आहे, उतार कुठे मोडलाय हे तपासा, नळाच्या पाण्याचा नमुना घ्या, पावसाच्या पाण्याची वेगळी लाइन टाका, ती पडली की आम्ही गच्चीचे पाइप स्वखर्चाने तिकडे वळवू. या शेवटच्या ओळीवर नानांची सही अजून व्हायची आहे.